वरून गेलेलं विमान

विमानात खायला काय देतात रे, असं शिवबाईनं विचारलं आणि सिद्धप्पाच्या हातातला कप बशीवर वाजला. तसा प्रश्न साधा होता. शिवबाई दोन घरं पलीकडची, नुकत्याच गेलेल्या अप्पांची, म्हणजे सिद्धप्पाच्या वडिलांची, मानलेली बहीण. सकाळीच येऊन बसली होती. रीतीप्रमाणे रडून झालं होतं, पदरानं नाक पुसून झालं होतं, अप्पांच्या चार जुन्या गोष्टी सांगून झाल्या होत्या. या घरात सुतक पाळत नाहीत. गळ्यात लिंग असलेल्या माणसाला कसलं सुतक, असं अप्पाच म्हणायचे. त्यामुळे चूल पेटती होती, आल्यागेल्याला चहा मिळत होता, आणि चहा पोटात गेला की माणूस पुढचं काहीतरी विचारतोच. सिद्धप्पाला हे सगळं कळत होतं. तरी त्याच्या कानशिलापाशी काहीतरी तापलं आणि तापतच राहिलं.

"सांग की," शिवबाई म्हणाली. "आपल्या गल्लीत विमानात बसल्याला तूच पयला."

"सँडविच देतात."

"म्हंजी काय असतंय?"

"पावात काकडी घालून."

"पावात काकडी," शिवबाई बाकीच्या बायकांकडे बघत म्हणाली. "येवढं वर न्यायचं आन पावात काकडी द्यायची." दोघी पदराआड हसल्या. कोपऱ्यात बसलेली अव्वा हसली नाही. सिद्धप्पाची ही आई, नवरा जाऊन तीन दिवस झाले तरी रडलीही नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन ती बसली होती आणि अधूनमधून त्याच्याकडे बघत होती. बघायची आणि नजर काढून घ्यायची. काल दुपारी तो आल्यापासून ती त्याच्याशी फार तर जेव आणि झोप एवढंच बोलली असेल.

सँडविच खरं होतं. पावाच्या कडा वाळून वर आल्या होत्या, काकडीला वास येत होता, आणि ते त्यानं खाल्लंही होतं. फक्त विमानात नव्हे. दिल्लीच्या विमानतळावर, एकमेकांना जोडलेल्या खुर्च्यांच्या रांगेत बसून, विमान कंपनीनं मोठ्या मनानं दिलेल्या कुपनावर. खरं सांगायचं तर सिद्धप्पा मल्लप्पा हत्तुरे, दिल्लीच्या एका मंत्रालयातला सेक्शन ऑफिसर, जन्मात कधी विमानात चढला नव्हता. या घरात आता ते एकट्या नागप्पाला, त्याच्या धाकट्या भावाला, ठाऊक असावं. नागप्पानं काल स्टेशनवरून आलेल्या टांग्यातून त्याची बॅग उतरवली तेव्हा तिच्यावरचा इंजिनाचा कोळसा हातानं झटकला होता आणि काही बोलला नव्हता. बाकी सगळ्या गल्लीच्या लेखी सिद्धप्पा विमानानं आला. आला तोही माती देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी, हे तेवढं गल्ली सोडून देत होती. विमानाचं मोठेपण एवढं की त्याच्या उशिराबद्दल कुणी ब्र काढत नव्हतं. एस.टी. अर्धा तास उशिरा आली तर याच बायका कंडक्टरच्या सात पिढ्या काढतात.

"पर नागूनं लई केलं," शिवबाई आता त्याच्याकडे न बघता सांगू लागली. "तू येणार म्हणून तार आली. मग काय, बसीवलं अप्पाला हितं भिंतीला. विभूती लावली, पटका बांदला, हातात लिंग दिलं. राजावानी दिसत हुता. पर दिवस कसले हायती बग की. बर्फाच्या लाद्या आणल्या कारखान्यातनं, तर बसल्या माणसाला बर्फ लावायचा कुटं? निजवायची रीत न्हाई आपली. रातच्याला हनुवटीचं फडकं सुटाय लागलं, मान खाली यायची. मग नागू मागं बसला आन हातानं हनुवटी धरली. तांबडं फुटस्तोवर धरली. म्हणला, अण्णा येईल तवा अप्पाचं तोंड सरळ पायजे."

सिद्धप्पानं कप खाली ठेवला. समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग होता, त्याच्याभोवती विभूतीचं पांढरं. काल आल्यापासून तो डाग तो बघत होता आणि बघत नव्हता. आता त्याला दिसलं की डाग एक नाही. वरचा एक, मग जरा खालचा, मग पुन्हा वरचा. मान पडायची आणि नागप्पा ती उचलायचा. त्याच रात्री विमानतळावरच्या त्या खुर्चीत सिद्धप्पाची स्वतःची मान छातीवर पडत होती आणि लाउडस्पीकर खरखरला की तो झटक्यानं वर बघत होता. रात्रभर बाप आणि लेक दोन गावांत असे बसून होते, आणि दोघांना बसवून ठेवणारा माणूस एकच होता. विमान कंपनीच्या काउंटरवरचा, तो टाय लावलेला. त्याचं नावसुद्धा सिद्धप्पाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणून या रागाला धरायला जागाच नव्हती.

मंगळवारी सकाळी शेजारच्या सरदारजींच्या फोनवर ट्रंक कॉल आला होता. नागप्पाचा आवाज खरखरीतून येत होता, अर्धा मराठीत, अर्धा कानडीत. अप्पा पहाटे पूजेला बसले ते उठलेच नाहीत. सिद्धप्पाच्या डोक्यात सगळा हिशेब एका क्षणात झाला, दिल्लीत राहून हिशेब करायची सवयच लागते. आगगाडीनं गेलं तर परवा. चैत्राच्या उन्हात परवापर्यंत कोण ठेवणार. विमानानं दुपारी निघालं तर संध्याकाळी मुंबई, रात्रीची गाडी, आणि सकाळी सोलापूर. एक रात्र. एक रात्र ठेवतील. त्यानं तार केली, विमानानं येतोय, थांबा. एवढे तीनच शब्द, आणि ते लिहिताना, बाप गेल्याच्या त्या तासातसुद्धा, विमान या शब्दापाशी त्याचं पेन जरासं अभिमानानं चाललं होतं. हेही त्याला आता आठवत होतं आणि आठवून तोंड कडू होत होतं.

पहिल्या तासाला कुणाला काही वाटलं नाही. काउंटरवरचा तो पोरगेला माणूस, केसांना कसलंसं वासाचं लावलेला, म्हणाला, सर, एक तास. दुसऱ्या तासाला म्हणाला, तांत्रिक कारण आहे सर, एकच तास. मग विमान मागून येतंय. मग आलंय, तपासताहेत. आवाजात लोणी. सिद्धप्पा वाकून हळूच म्हणाला, माझे वडील वारलेत, मला उद्या सकाळी पोचायचंय, तिथं ते ठेवलेत. त्या माणसानं मान जराशी खाली घातली, जितकी घालायला शिकवली असेल तितकीच, आणि म्हणाला, फार वाईट वाटलं सर, पण इथं प्रत्येकाचंच काहीतरी निकडीचं असतं. प्रत्येकाचंच. म्हणजे अप्पा हे एक निकडीचं काम होतं, आणि त्या मागच्या पारशी म्हाताऱ्याची कोर्टाची तारीख हे दुसरं, आणि कुणाची तरी मीटिंग हे तिसरं. काउंटरवर फोन होता, त्याच्या डायलला पितळी कुलूप होतं. कचेरीच्या कामाशिवाय नाही, सर. तार करायची तर बाहेर पोस्टात जावं लागेल, जा ना, पण तेवढ्यात विमान लागलं तर मग जबाबदारी आमची नाही. सिद्धप्पा उठला, काचेच्या दारापर्यंत गेला आणि लाउडस्पीकर बोलायला लागला म्हणून पळत परत आला. लाउडस्पीकर म्हणाला, आणखी एक तास. पुन्हा उठला, पुन्हा आला. दाराबाहेर ऊन होतं, टॅक्स्या होत्या, स्टेशन होतं, आणि स्टेशनात संध्याकाळची गाडी होती. त्या दारातून बाहेर पडायला त्याला फक्त दोन शब्द हवे होते. जाणार नाही. एवढं कुणी म्हटलं असतं तर त्यानं दुसरी तार केली असती, थांबू नका म्हणून. अप्पा त्याच संध्याकाळी मातीत गेले असते, ताजे, सरळ मानेचे, फुलांच्या वासाचे. ते दोन शब्द त्या पोराच्या तोंडात होते आणि त्यानं ते दिले नाहीत.

आणि ओरडता येत नव्हतं. आणीबाणीचे दिवस होते. भिंतीवर शिस्तीच्या पाट्या होत्या, काउंटरशेजारी एक पोलीस कमरेवर हात ठेवून उभा होता. पारशी म्हातारा एकदाच ओरडला, तुम्ही लोक चोर आहात म्हणाला, तेव्हा पोलिसानं त्याला बाजूला नेऊन अगदी अदबीनं विचारलं की नाव काय, राहता कुठं, मुलगा कुठं नोकरीला आहे. म्हातारा परत येऊन बसला आणि त्यानंतर त्या सगळ्या दालनात कुणाचा आवाज चढला नाही. माणसं काउंटरपाशी जायची आणि प्लीज म्हणायची. सिद्धप्पाही म्हणाला. सरकारी नोकर, नाव विचारलं तर मंत्रालय सांगावं लागणार. संध्याकाळी खादीतला एक गृहस्थ आणि त्याच्याबरोबरचे दोघे बाजूच्या दारानं आत नेले गेले, आणि थोड्या वेळानं काचेतून एक विमान धावत जाऊन वर उठलेलं सगळ्यांनी पाहिलं. ते वेगळं विमान, सर, असं टायवाला म्हणाला. सिद्धप्पाला तो आवाज कुठंतरी ऐकलेला वाटत होता आणि मग आठवलं, त्याचाच होता. त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर हापूड-मेरठहून आलेली माणसं दिवसभर बसलेली असायची आणि तो अशाच सुरात सांगायचा की फाइल वर गेली आहे, बसा. पण त्या माणसांचे बाप भिंतीला टेकवून ठेवलेले नसायचे. की असायचे, कोण जाणे. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

सकाळी काउंटरवर दुसरीच मुलगी होती, नुकतीच आंघोळ करून आलेली, टवटवीत. त्यानं तिकीट पुढं केलं. तिनं पाहिलं आणि भुवया उंचावून म्हणाली, ही फ्लाइट? ही तर काल दुपारीच रद्द झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तिला खरंच नवल वाटलं होतं. काल दुपारी. म्हणजे सँडविचच्या आधी. म्हणजे तो दाराशी जाऊन परत पळत आला त्याच्या आधी. मग ते सगळे तास कशासाठी होते? गडबड नको म्हणून, असं नंतर कुणीतरी म्हणालं, इतक्या माणसांना एकदम नाही म्हटलं तर गडबड होते, थोडंथोडं सांगितलं की माणसं थकतात आणि आपोआप घरी जातात. कालचा तो टायवाला कुठं आहे, असं सिद्धप्पानं विचारलं. त्याची ड्यूटी संपली, सर, तो घरी झोपला असेल. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं ते त्याला तेव्हा कळलं, आणि तरी त्यानं तिकीट खिशात घातलं आणि त्या मुलीला थँक यू म्हटलं.

दुपार कलल्यावर तिसऱ्या दिवसाचं दूध घेऊन सगळे रुद्रभूमीकडे, समाजाच्या स्मशानाकडे, निघाले. अव्वा आणि शिवबाई टांग्यात बसल्या. टांगा हाकणाऱ्याशेजारी निंगप्पा चढला. निंगप्पा म्हणजे अप्पांच्या पेंडीच्या दुकानातला जुना हमाल, घरचाच माणूस. त्याचा चेहरा आणि मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती, नाकावरची सालं निघत होती. सिद्धप्पानं विचारलं, निंगप्पा, हे काय झालं तोंडाला?

"ऊन लागलं की, धनी. होटगी रोडला."

"तिकडं कशाला गेला होतास?"

"तुमास्नी आणाय." निंगप्पा ओशाळं हसला. "विमानाच्या पटांगणावर. अव्वा म्हणल्या, तार आलीया, विमान तितंच उतरणार, दुसरीकडं कुटं उतरंल. हाच टांगा घेतला, छत्री घेतली तुमच्यासाटी, पाण्याचं मडकं घेतलं. दोन दिस बसलो तारंच्या कुंपणाला. येक राखणदार हाय, तो म्हणला हितं न्हाई येत कुटलं विमान. मी म्हणलं, आमचं धनी दिल्लीत सायेब हायती, येतंय बग."

छत्री त्यानं स्वतःवर उघडली नसणार. ती धन्यासाठी होती. सिद्धप्पाला हे विचारायची गरज नव्हती, तो निंगप्पाला लहानपणापासून ओळखत होता. होटगी रोडचं ते माळरान त्याला दिसलं, वाळलेलं गवत, वारा दाखवायला काठीला लटकवलेली कापडी पिशवी, आणि कुंपणापाशी मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा. शहाण्या माणसानं हसावं अशी ती चूक होती. पण याला वेडा म्हणायचं तर दिल्लीच्या त्या काचेच्या दालनात कोट-टाय घालून बसलेल्यांना काय म्हणायचं? त्यांचंही विमान येणार नव्हतंच. निदान होटगी रोडच्या राखणदारानं निंगप्पाला पहिल्या झटक्यात खरं सांगितलं होतं. एका उजाड पटांगणाच्या राखणदाराला जे जमलं ते त्या लोकांना जमलं नाही, या विचारानं सिद्धप्पाच्या मुठी वळल्या आणि टांगा पुढं गेला तरी तो रस्त्यात तसाच उभा राहिला. गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून त्याच्या दोन्ही बाजूंनी जाऊ लागली, एकानं अंगावर ओरडून सांगितलं की कडंनं उभं राहा बे.

नागप्पा दुधाची कळशी घेऊन मागं थांबला होता. कळशी त्यानं डाव्या हातात धरली होती. उजवा हात तो मधूनमधून झटकत होता, अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये काहीतरी अजून धरलेलं असावं तसा तो हात अर्धा वळलेला होता. दोघं चालू लागले. नागप्पा मुळातच कमी बोलायचा. मॅट्रिकनंतर अप्पांनी त्याला दुकानात बसवलं आणि सिद्धप्पाला पुढं शिकवलं, याबद्दलही तो कधी बोलला नव्हता.

"अण्णा," तो म्हणाला, "एक सांगायचं हुतं. चिडू नको."

"बोल."

"तू गाडीनं आलास, मला कळलंय. कळू दे. अव्वेला सांगू नको."

"का?"

नागप्पानं कळशी दुसऱ्या हातात घ्यायला बघितली, ती उजव्या हातात धरवेना, तेव्हा पुन्हा डाव्यात घेतली. "बुधवारी सकाळी तू आला न्हाईस. अव्वा म्हणली थांबा. दुपार झाली. आता वास यायला लागला हुता, अण्णा. उदबत्त्या लावल्या, अत्तर शिंपडलं, तरी लोक नाकाला पदर लावून बसले हुते. मठाचे स्वामी म्हणले, आता न्हाई ठेवता येत. मखरात बसवून नेलं तितं. खड्ड्यात उतरवलं, लिंग हातात हाय का बघितलं, बेल घातला. सगळ्यांनी मूठभर माती हातात घेतली. आन अव्वा खड्ड्याच्या तोंडाशी बसली. म्हणली, सिद्धा आल्याबगर माती पडू द्यायची न्हाई. कुणाचं ऐकंना. स्वामी समजावले, शिवबाई समजावली. मी हाताला धरून वडलं, तर चावली मला." त्यानं मनगट दाखवलं. "आन मग वरनं विमान गेलं. लई वर, एवढंसं, पांढरं. मुंबईकडनं खाली मद्रासकडं कुटं जात असंल. अव्वानं वर बघितलं. उठली. म्हणली, आला. त्यांनी थांबवलं न्हाई, मेलसारखं पुढं नेलं, पर वरनं बघितलं त्यानं. घाला आता माती."

सिद्धप्पानं मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"मला ठावं हुतं ते तुजं न्हवं," नागप्पा म्हणाला. "पर मी म्हणलो, व्हय अव्वा, अण्णाच. काय करणार? तवा आता तू न्हाई म्हणू नको. तीन दिस तेवढ्यावरच हाय ती."

बुधवारी दिवस कलताना. त्या वेळी सिद्धप्पा इटारसीच्या बराच अलीकडं कुठंतरी, दुसऱ्या वर्गाच्या डब्यात संडासाजवळ, कुणाच्या तरी ट्रंकेवर बसला होता. खिडकीबाहेर पळसाची झाडं पळत होती आणि तो मनातल्या मनात त्या टायवाल्याशी बोलत होता. वाक्यं जुळवत होता, खोडत होता, जास्त झोंबणारी शोधत होता. बाप मातीत उतरत होता तेव्हा त्याच्या मनात बाप नव्हता. तो माणूस होता, त्याचे केस, त्याचं लोणी. आईनं मुठीएवढी जागा अडवून धरली होती आणि तिचं मन राखायला कुणाचं तरी भलतंच विमान कामाला आलं होतं. आणि त्या कंपनीनं त्याच्याकडून एवढं सगळं घेतल्यावर आता हेही घ्यायचं होतं. त्यांच्या विमानाची अब्रू त्यानं राखायची. आलं होतं, वरून गेलं होतं, मी आत होतो. त्यांच्या खोट्यावर स्वतःच्या खोट्याचा शिक्का मारायचा, तोही बापाच्या डोक्याशी उभं राहून. हे खोटं नाही सांगणार, असं त्यानं ठरवलं. विमान सुटलंच नाही, अव्वा. त्यांनी मला फसवलं, तुला फसवलं, अप्पांना फसवलं. हे एकदा मोठ्यानं म्हणायचं, निदान इथं तरी पोलीस नव्हता.

समाधीवरची माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. झेंडूची फुलं करपली होती. निंगप्पानं पाणी शिंपडलं, नागप्पानं विभूती ठेवली, शिवबाईनं नैवेद्याची पानं मांडली. अव्वानं दूध ओतलं. दूध भेगांतून आत गेलं. मग ती वाकली आणि दुधानं ओल्या झालेल्या जागी हातानं माती सारखी करू लागली. जमीन सारवावी तसा तिचा हात फिरत होता. फिरता फिरता थांबला.

"बुधवारी वरनं गेलं," ती मातीकडे बघत म्हणाली. "त्यात तूच हुतास न्हवं?"

सिद्धप्पानं नागप्पाकडे पाहिलं. नागप्पा समाधीकडे बघत होता आणि त्याचा उजवा हात अर्धा वळलेला होता. सिद्धप्पाच्या ओठाशी सगळी वाक्यं आलेली होती, दोन रात्री घासून धारदार केलेली.

"हो अव्वा," तो म्हणाला. "मीच होतो."

आवाज मऊ निघाला. मान जराशी खाली गेली होती, किती खाली घालावी ते ठाऊक असल्यासारखी. हा आवाज कुणाचा ते त्याला लगेच कळलं.

"दिसलो आमी?"

"दिसलात की."

"आन हे? हे दिसले?"

"दिसले, अव्वा. सगळं दिसलं."

अव्वा उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. ती त्याच्या छातीपर्यंतच पोचायची. काल दुपारपासून तिची जी नजर येत होती आणि जात होती, ती आता आली आणि गेली नाही.

"मग उतरला का न्हाईस?"

त्याची नजर समाधीच्या ओल्या मातीवर गेली.

"दोन दिस बसीवलं आमी त्यास्नी. नागूचा हात गेला. निंगप्पा उनात भाजला. चार लोकांत माज्या माणसाला वास सुटला, लोकांनी नाकाला पदर लावलं, मी बगत बसले. आन तू वरनं बगत गेलास? सांगायचं न्हाई व्हय त्यास्नी, माजं घर हितं हाय, माजा बाप बसलाय हितं, थांबवा म्हणून?"

"अव्वे," नागप्पा पुढं आला. सिद्धप्पानं त्याला हातानं मागं सारलं.

"सांगितलं मी," तो म्हणाला. एवढं तरी खरं होतं, आणि ते बोलताना त्याचा स्वतःचा आवाज त्याला परत मिळाला. "सांगितलं अव्वा. बाप वारलाय म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही."

"मग वरडायचं की."

त्यानं मान वर केली.

"वरडला का न्हाईस?" अव्वानं त्याच्या छातीवर मूठ मारली. "मोटा सायेब तू. वरडायचं. काचा फोडायच्या. कुणाचा गळा धरायचा. मी हितं म्हातारी बाई, खड्ड्यात पाय सोडून बसले, स्वामीचं ऐकलं न्हाई, पोटच्या पोराला चावले. तू काय केलास? गप बसलास व्हय? बस म्हणले की बसलास?"

शिवबाई तिला धरायला आली, पण अव्वा कुणाला आवरेना. तिला आता रडू फुटलं होतं, तीन दिवसांचं, आणि रडता रडता ती मारत होती. सिद्धप्पा हात खाली सोडून उभा राहिला. इतक्या दिवसांत रागाला तोंड मिळालं ते त्याचंच मिळालं, आणि ज्याचं मिळायला हवं होतं तो दिल्लीत कुठंतरी केस विंचरून कामाला निघाला असेल. हे त्याला कळत होतं, पण अव्वाला ते सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा प्रश्न बरोबर होता. समाधीची ओली माती तिच्या मुठीत तशीच राहिली होती. प्रत्येक ठोशाबरोबर ती त्याच्या पांढऱ्या शर्टावर लागत होती, आणि तो मागं सरला नाही.